नववा हात

2012 साली आमच्या गावचे सरपंचपद सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव निघाले, त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात वीस-पंचवीस माणसे जमली होती. चहाचे आधण दोनदा टाकून झाले तरी बोलणी संपत नव्हती, आणि ती सगळी बोलणी माझ्या उमेदवारीची असूनही त्यांतला एक शब्दही कोणी माझ्याशी बोलले नव्हते. माझे यजमान दूध संस्थेचे संचालक होते, त्यांच्या गटाला उभी करण्यासाठी बाई हवी होती, आणि थोडीफार शिकलेली, भाऊबंदकीच्या भांडणात न पडलेली म्हणून माझे नाव निघाले. शेवटी गटाचे प्रमुख असलेले आमचे चुलत सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "सूनबाई, फारम भरायचा हाय. काळजी करू नगा, सगळं आमी बघतो. तुमी फकस्त सही करायची."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या काठी आमचे गाव आहे. ऊस, म्हशी, दूध संस्था आणि सेवा सोसायटी यांवर गावाचे पोट आणि गावाचे राजकारण दोन्ही चालते. निवडणूक 'गोकुळ' या जिल्ह्याच्या दूध संघाची असो, साखर कारखान्याची असो की ग्रामपंचायतीची, गावात दोन गट ठरलेले असतात आणि ईर्षा अशी की अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही खुर्चीत बसवून मतदानाला आणतात. माझे माहेर कागल तालुक्यातले, शिक्षण बारावीपर्यंत. लग्नानंतर पंधरा वर्षे मी घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होते, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायकांची मापे माझ्या वहीत होती आणि त्यांच्या घरातल्या अडचणीही मला ठाऊक होत्या. प्रचारात तीच ओळख उपयोगी पडली.

अर्जासोबत काय काय लागते ते मी त्या आठ दिवसांत शिकले. मतदार यादीतील नावाचा उतारा, घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेले नसल्याचे घोषणापत्र. या शेवटच्या अटीमुळे आमच्या गल्लीतली, माझ्याहून किती तरी धडाडीची एक बाई अर्ज भरू शकली नाही. दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा बाळंतपण व्हावे की नाही, हे तिला घरात कोणी विचारले नव्हते. अपात्र मात्र तीच ठरली. त्या अटीमागचा हेतू मला कळतो, तरीही तिचा चेहरा आठवला की ती अट मला आजही पटत नाही.

निकाल लागला, आमच्या पॅनेलची सत्ता आली. मिरवणुकीत गुलाल यांच्या अंगावर पडला. मी दारात औक्षणाचे ताट घेऊन उभी होते, आणि निवडून मी आले होते.

तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जात असे. आमच्या ग्रामपंचायतीचे सदस्य अकरा, त्यांतल्या सहा बायका. पहिल्या मासिक सभेला आम्ही सहाजणी पदर सावरून एका ओळीत बसलो आणि भिंतीकडेच्या बाकावर आमच्यापैकी चौघींचे नवरे बसले. चर्चा बाकावर होत होती. ग्रामसेवक भाऊसाहेब प्रोसिडिंगची, म्हणजे सभेतले ठराव लिहायची, वही माझ्यापुढे सरकवत आणि बोटाने जागा दाखवत. पहिले सहा महिने मी दाखवतील तिथे सही केली. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण हे वगळले तर पुढचे काहीच खरे वाटणार नाही.

बदल झाला तो पंचायत समितीने घेतलेल्या महिला सरपंचांच्या प्रशिक्षणात. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, तिने बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, हे मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकले. पण माझ्या उपयोगाचे ठरले ते शिकवायला आलेल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलेले. त्या म्हणाल्या, सही करण्याआधी पान वरपासून खालपर्यंत वाचायचे, ठरावाखाली कोरी ओळ दिसली तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, आणि सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घालायची. कारण सभा संपल्यावर कोऱ्या जागेत काय लिहिले गेले, ते सिद्ध करायला नंतर कोणी साक्षीदार मिळत नाही. पुढच्या सभेत मी पेन हातात घेऊन वही वाचायला लागले तेव्हा बाकावरून आवाज आला, "वैनी, वाचत बसला तर सांज हुईल." मी म्हटले, "होऊ दे. दिवा लावू." त्या दिवशी सभेला अडीच तास लागले.

'आरक्षणाची सरपंच' हा शब्द मला टोमणा म्हणून ऐकावा लागे. त्याला माझे उत्तर एकच होते. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्या मातीत तरी आरक्षणाने आलेल्या माणसाला कोणी कमी लेखू नये. हे उत्तर ऐकून कोणी गप्प बसले, कोणी बसले नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, हा नियम आमच्याकडे फक्त कागदावर पाळला जात होता. शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा, बायका चुलीपुढून उठून सही किंवा अंगठा करायच्या, आणि सभा झाली असे लिहिले जायचे. मी ती सभा दुपारी दोनला ठेवायला लावली. धारा सकाळ-संध्याकाळी असतात, दुपारी भांगलणीच्या बायकांचीही थोडी सुट्टी असते. पहिल्या सभेला चौदा बायका आल्या, तिसऱ्या सभेला साठच्या वर. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, हे मी तिथे सांगितल्यावर एका म्हातारीने विचारले, "मग आजपातूर त्ये पैसं कुटं गेलं?" मी मागच्या पाच वर्षांचे खर्चाचे उतारे मागवले आणि पुढच्या सभेत वाचून दाखवले. त्या 10 टक्क्यांतून शाळेतल्या मुलींसाठी पाण्याची सोय असलेले शौचालय झाले. माझ्या कारकिर्दीतले ते सर्वांत लहान काम असेल, पण ज्या मुली महिन्यातले चार दिवस शाळा बुडवत होत्या त्या येऊ लागल्या.

आता गटारीचे सांगते, कारण सगळे तिथेच आले. 2014 च्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीत आरसीसी गटारीचे काम झाले. काम करणारा गावातलाच, आमच्याच गटाचा. बिलाचा धनादेश सहीला आला, त्यासोबत मोजमाप पुस्तिकेत नोंद होती 120 मीटरची. त्या गल्लीतून मी रोज जात होते आणि गटार देवळापर्यंत पोचलेली नाही हे मला दिसत होते. कोणाला सांगितले असते तर उत्तर ठरलेले होते, "इंजिनेरनं मोजलंय." म्हणून एका सकाळी भाकरी आटोपल्यावर मशीनच्या खणातली माझी टेप घेऊन मी खालच्या गल्लीत गेले. शिंप्याची टेप दीड मीटरची असते. एक टोक मी धरले, दुसरे टोक शेजारच्या सातवीतल्या मुलीने, आणि प्रत्येक टेपेला ती गटारीच्या काठावर खडूने रेघ मारत गेली. 120 मीटरला 80 टेपा व्हायला हव्या होत्या. 61 झाल्या. शंका नको म्हणून आम्ही उलट्या बाजूने पुन्हा मोजले, तेव्हाही 61 च. म्हणजे साडेएक्याण्णव मीटर. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या आणि कोणी काही बोलत नव्हते.

धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन्ही सह्या लागत. मी माझी सही केली नाही आणि फेरमोजणी व्हावी असे पत्र पंचायत समितीला दिले. त्या रात्री चुलत सासरे घरी आले. या वेळी ते सोप्यात बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "घरातलं माणूस घरावर उलटलं." माझे यजमान माझ्या बाजूने बोलले नाहीत, विरुद्धही बोलले नाहीत. पहाटे धारेला निघताना मात्र थांबून त्यांनी एवढेच विचारले, "नक्की एकसष्टच झाल्या का?" मी हो म्हटले. त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्याशी काढला नाही आणि गटाच्या बैठकांना जाणेही बंद केले.

महिनाभरात अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलदारांकडे गेली. आमच्या गटातले आणि विरोधी गटातले मिळून आठ सदस्य एक झाले होते. एरवी एकमेकांच्या घरचे पाणी न पिणारी माणसे जोडण्या लावण्यासाठी एका गाडीतून फिरत होती. ठरावाआधी चार दिवस या आठजणांना सहलीवर नेले. बायकांसोबत त्यांच्या घरची माणसे होती, फोन बंद होते.

त्या चार दिवसांत मी ग्रामपंचायत अधिनियम काढून बसले. कलम 35 वाचले. तेव्हा सरपंचावरचा अविश्वास ठराव एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने मंजूर होत असे; पण पद स्त्रीसाठी राखीव असेल आणि त्यावर स्त्री सरपंच असेल, तर तीन चतुर्थांश बहुमत लागत असे. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठ हात पुरले असते. अकराचे तीन चतुर्थांश सव्वाआठ, म्हणजे नऊ हात लागत होते. मी ते गणित तीन वेळा केले. राखीव जागेवरच्या बाईला घरचे आणि विरोधक मिळून सहज खाली ओढू शकतात, हे ज्या कोणी ओळखून ती ओळ कायद्यात घातली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

विशेष सभेला तहसीलदार अध्यक्ष होते. बाहेर चावडीपुढे दोनशे माणसे आणि पोलिसांची गाडी. मला बोलायचा अधिकार होता, तेव्हा मी उठून फक्त टेपेचा हिशेब सांगितला. मग तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूने असलेल्यांना हात वर करायला सांगितले. चार पुरुषांचे हात लगेच वर गेले. चार बायकांचे हात हळूहळू गेले, आणि त्यांतल्या एकीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या खाली घसरून वाजल्या, तो आवाज माझ्या कानांत अजून आहे, कारण ती माझी रोजची मैत्रीण होती. आठ. माझ्या बाजूला मी स्वतः, मागासवर्गीय जागेवर निवडून आलेली एक सदस्या आणि विरोधी गटातले एक वृद्ध सदस्य. त्या सदस्येच्या नवऱ्याला आदल्या दिवशी ऊसतोडीचे काम देणार नाही म्हणून धमकावले होते. तिने हात मांडीवरून उचलला नाही. नववा हात वर गेला नाही आणि ठराव फेटाळला गेला. फेरमोजणीत गटार अपुरी निघाली, उरलेले काम करून घेतल्यावरच मी सही केली.

हिरव्या बांगड्यांची मैत्रीण आठ दिवसांनी ब्लाउजचे कापड घेऊन आली. म्हणाली, "घरातनं सांगितलं हुतं." मी तिचे माप घेतले. तिला दोष द्यावासा मला तेव्हाही वाटला नाही. चार दिवसांच्या सहलीत तिला स्वतःच्या मुलांशीसुद्धा बोलू दिले नव्हते.

पुढच्या वर्षी, 2015 पासून, 14 व्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला आणि सरपंचाच्या सहीची किंमत आणखी वाढली. त्या काळात पाणी योजनेची दुरुस्ती आणि अंगणवाडीची खोली अशी कामे झाली, त्यांचा तपशील इथे देत नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये जिल्हा परिषदेची निवडणूक आली. 67 सदस्यांचे सभागृह, निम्म्या जागा महिलांच्या, आणि आमचा मतदारसंघ सर्वसाधारण महिलेसाठी राखीव. उमेदवारीसाठी एका पक्षाच्या मुलाखतीला गेले तेव्हा पहिले दोन प्रश्न असे होते: यजमान काय करतात, आणि खर्च किती करणार. केलेली कामे मी एका कागदावर लिहून नेली होती, तो कागद कोणी मागितला नाही. तरीही अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या धावपळीत मला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळाला, कारण गटारीची गोष्ट तोवर आजूबाजूच्या गावांत पोचली होती आणि बायका माझे नाव घेत होत्या. निवडून आले, सरपंचपदाचा राजीनामा दिला.

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेच्या त्या सभागृहात पहिल्या वर्षी मी बोलायला घाबरत होते. त्या वर्षी अध्यक्षपदी शौमिका महाडिक म्हणजे एक महिलाच होत्या, तरी मागच्या बाकांवरच्या आम्हा खेड्यांतून आलेल्या बायकांचा आवाज लवकर फुटत नव्हता. हळूहळू लक्षात आले की इथेही वहीच वाचावी लागते. मागील सभेच्या इतिवृत्तावरचा अनुपालन अहवाल येतो, तो बहुतेक सदस्य चाळतही नाहीत. मी तो एसटीत बसून वाचत जाई आणि 'कार्यवाही सुरू आहे' असे जिथे लिहिलेले असेल तिथे प्रश्न विचारी. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट आवाज चढवण्यापेक्षा जास्त कामाची आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे 43 फूट आहे. आमच्या मतदारसंघातली माणसे आणि जनावरे शाळांत, मंगल कार्यालयांत हलवली. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या उदंड आल्या, पण एका छावणीत दीडशे बायकांना दोन शौचालये होती आणि पाळीच्या कापडाची सोय कोणाच्याच यादीत नव्हती. मी आणि दोन अंगणवाडी सेविकांनी ती यादी नव्याने केली: पॅड, गाऊन, बाळंतिणींसाठी वेगळी खोली, रात्रीचा दिवा. हे सुचायला मोठी बुद्धी लागत नाही, पण यादी करणाऱ्यांत बाई असावी लागते.

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्याच वर्षी जुलैमध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडण्याची पद्धत पुन्हा आली, आमच्या गावची निवडणूक 18 डिसेंबरला ठरली, आणि चक्राकार पद्धतीने या वेळी सरपंचपद खुले झाले होते. मी अर्ज भरायचे ठरवले.

मला गावाला, आणि हे वाचणाऱ्यांनाही, जे सांगायचे आहे ते याच टप्प्यावर आहे. राखीव जागेवर मी उभी होते तोवर लोक मला उभी करत होते. खुल्या जागेवर उभी राहते म्हटल्यावर, ज्यांच्यासाठी मी दहा वर्षे राबले तेही म्हणाले, "वैनी, बायकांची जागा येऊ दे की. ही पुरुषांची जागा हाय." मी घरोघर सांगत फिरले की कायद्यात पुरुषांची जागा अशी कुठली जागाच नाही, सर्वसाधारण म्हणजे सर्वांची. दर पाच वर्षांनी आरक्षण फिरते आणि त्याबरोबर शिकून तयार झालेली बाई घरी जाते, पुढच्या वेळी पुन्हा नवी बाई वहीपुढे बसते आणि पुन्हा कोणी तरी बोटाने सहीची जागा दाखवते. आमच्या जिल्ह्यातून निवेदिता माने 1999 साली इचलकरंजीतून लोकसभेवर गेल्या, चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर विधानसभेत गेल्या, 2022 च्या पोटनिवडणुकीत कोल्हापूर उत्तरमधून जयश्री जाधव निवडून आल्या. त्यांच्या जागा महिलांसाठी राखीव नव्हत्या, हे मी प्रचारात सांगत होते. शेवटच्या दोघी आमदार पतींच्या निधनानंतर पुढे आल्या, हेही लोक मला ऐकवत होते, आणि ते खोटे नव्हते. संसदेने पुढे 2023 मध्ये लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा राखण्याची 106 वी घटनादुरुस्ती केली. ती प्रत्यक्षात येईल तेव्हा मोठ्या सभागृहांतही हाच प्रश्न उभा राहील, असे मला वाटते.

त्या निवडणुकीत माझ्यामागे कोणताच गट नव्हता. यजमान म्हणाले, "यंदा पत्रकं मी वाटतो." पत्रके त्यांनी वाटली, अगदी चुलत सासऱ्यांच्या दारातही. मतमोजणी 20 डिसेंबरला झाली आणि मी 112 मतांनी पडले. खालच्या गल्लीच्या केंद्रावर मला आघाडी होती.

पडलेल्या उमेदवारालाही निकालापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. जानेवारीत मी एकटीच एसटीने तहसील कचेरीत गेले. रिक्षावरच्या लाउडस्पीकरचे बिल, पत्रकांच्या छपाईचे बिल, चहा-भडंगाची पावती, सगळे तारखेवार लावून टाचलेले होते. कारकुनाने कागद उलटसुलट बघून विचारले, "पुन्हा उभं ऱ्हायचा विचार हाय व्हय?" मी हो म्हटले, शेवटच्या पानावरच्या कोऱ्या ओळींवर तिरकी रेघ मारली, सही केली, खाली तारीख घातली आणि शिक्क्यासह पोच हातात पडेपर्यंत टेबलापुढून हलले नाही.